औषध मुंबईत, पण बळ गावातलंच

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत एका सदस्य ताईंनी केलेलं भाषण. त्यांच्या इच्छेवरून नाव दिलेलं नाही.)



मला मेलॅनोमा आहे. हा त्वचेचा कॅन्सर. माझा पायाच्या तळव्याला सुरू झाला, जांघेतल्या गाठींत गेला आणि मग फुफ्फुसात पोचला. उपचाराचं हे तिसरं वर्ष. घरचा स्वयंपाक मी करते, गटाच्या बैठकीला येते आणि ठरलेल्या तारखेला मुंबईला जाऊन सलाईनमधून औषध घेते. हे किती वर्षं चालेल ते डॉक्टर सांगू शकत नाहीत. असा लांबलचक उपचार निभावायला काय लागतं, तेवढंच आज बोलते.

आधी आजाराबद्दल. कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा हा कॅन्सर. गोऱ्या लोकांच्या देशांत तो उन्हामुळे जास्त होतो. आपल्याकडे लाखात एकीलाही होत नाही, म्हणून घाबरू नका. पण होतो तेव्हा बरेचदा तळपायाला, तळहाताला नाहीतर नखाखाली होतो, म्हणजे ऊन पोचत नाही अशाच जागी. आणि आपले पाय कसे असतात ते तुम्हाला ठाऊक आहे. लावणीत चिखल्या, उन्हाळ्यात भेगा, शिवाय कुरूप. काळा डाग दिसला तर वाटतं, काटा मोडला असेल.

डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाने टाटा रुग्णालयाच्या साथीने 2003 पासून आपल्या जिल्ह्यात गावोगाव कॅन्सरची तपासणी केली. त्यात तोंड, स्तन आणि गर्भाशयाचं मुख बघतात. तळवा आपला आपणच बघायचा. दिसत नसेल तर शेजारणीला बघायला सांगायचं. डाग वाढतोय, कडा वेड्यावाकड्या आहेत, एकाच डागात दोन-तीन रंग आहेत, रक्त येतंय, जखम भरत नाही, किंवा नखातली काळी रेघ रुंद होत चाललीय, तर डॉक्टरांना दाखवा. ब्लेडने कापू नका, चुना लावून जाळू नका. आणि हा आजार शिवल्याने होत नाही. माझ्या हातचा चहा खुशाल घ्या.

आता औषध. आपल्या शरीरात रोगाशी लढणारी फौज असते. कॅन्सर तिला ब्रेक लावून गप्प बसवतो. हे औषध तो ब्रेक काढतं. हा ब्रेक शोधणाऱ्या दोन शास्त्रज्ञांना 2018 मध्ये नोबेल मिळालं. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी हेच औषध घेतलं. त्यांच्या आई अडुसष्टाव्या वर्षी विक्रोळीत नर्स म्हणून सेवा करायला आल्या होत्या. ते स्वतः 2006 मध्ये लोणावळ्याजवळ पाटण गावात गरिबांची घरं बांधायला आले होते. 2015 मध्ये, वयाच्या नव्वदीत, त्यांचा मेलॅनोमा यकृतात आणि मेंदूत पोचलेला सापडला. शस्त्रक्रिया, रेडिएशन आणि हे औषध घेऊन ते 2024 च्या डिसेंबरपर्यंत, शंभर वर्षांचे होईपर्यंत जगले.

पण खरं तेच सांगते. सगळ्यांना असा गुण येत नाही, आणि तळव्याच्या मेलॅनोमाला हे औषध कमीच लागू पडतं. माझ्या गाठी आकसल्यात, गेलेल्या नाहीत. आणि ब्रेक काढलेली फौज कधी आपल्याच अंगावर उलटते. माझी थायरॉईड मंदावली, आता रोज गोळी घ्यावी लागते. जुलाब लागले, दम लागला, अंगावर पुरळ आलं, तर दुकानातून गोळी आणून भागत नाही. त्याच दिवशी रुग्णालयाला फोन करायचा.

सख्यांनो, असा उपचार बाई सोडते तेव्हा कारण नेहमी औषधच असतं असं नाही. सोबतीला कोण, गुरांना चारा कोण घालणार, हप्ता चुकला तर गट काय म्हणेल, इथेच गाडी अडते. तीनशे किलोमीटरच्या वरचा प्रवास, तोही पुन:पुन्हा. पहिल्या वर्षी घरची माणसं धावतात. दुसऱ्या वर्षी तीही थकतात. त्यांचा राग नाही, त्यांनाही पोट आहे.

माझ्या गटाने काय केलं ते सांगते. बैठकीत ठराव करून माझे हप्ते पुढे ढकलले. ग्रामसंघाच्या जोखीम निधीतून प्रवासाला पैसे दिले. माझी तारीख रजिस्टरमध्ये लिहिली आणि दर खेपेला सोबत कोण येणार ते पाळीने ठरवलं. कुणी दया दाखवली नाही, कामं वाटून घेतली. म्हणून माझी एकही तारीख चुकली नाही.

सरकारी सवलतीही मागून घ्या. रेल्वेत रुग्णालयाचा फॉर्म दाखवला की कॅन्सरच्या पेशंटला स्लीपरचं तिकीट माफ आणि सोबत्याला पाऊण सवलत आहे. एसटीत आपल्याला 2023 पासून अर्धं तिकीट आहेच. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आपलं औषध बसतं का, ते उपचार सुरू होण्याआधीच आरोग्यमित्राला विचारा. रुग्णालयातल्या समाजसेवकांना भेटा. राहायची सोय आणि मदतीचे अर्ज त्यांना माहीत असतात. दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत पेशंट आणि सोबतीण राहू शकतात. कागद सगळे एका पिशवीत, तारखेवार ठेवा.

प्रभागसंघाकडे माझं मागणं एवढंच. प्रत्येक ग्रामसंघाने लांबच्या उपचारावर असलेल्या बायांची यादी करावी. कॅन्सर असो, डायलिसिस असो की टीबी. त्यांच्या तारखा बैठकीत वाचाव्यात. ज्या बाईची तारीख कुणी विचारत नाही, तिचीच आधी चुकते.

माझी पुढची खेप गणपतीनंतर आहे. त्याआधीच्या बैठकीला मी आहेच, बचतीचे पैसे घेऊन.