कवचाचे देणे
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



कारखान्यांच्या ह्या नगरीत कोंबडीवर बोलावयास उभा राहिलेला वक्ता पाहून आपणांस नवल वाटेल. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. पुढे कारखान्यांची रांग चाकणपर्यंत पोहोचली. आपल्यापैकी पुष्कळांच्या जमिनी गेल्या, कित्येकांनी यंत्रावर आयुष्य काढले. तरीही चाकणच्या आसपासच्या गावांत परसातले खुराडे टिकून आहे, आणि अंड्यांचा पैसा बहुधा गृहिणीच्या हाती राहतो. तो कसा बुडतो, हे मी स्वानुभवाने सांगणार आहे.

सेवानिवृत्तीनंतर मी तीस कोंबड्या पाळल्या. बाजरी, गहू व उरलेसुरले अन्न भरपूर घालीत असे. काही महिन्यांतच अंडी हातात घेताच पिचू लागली. काहींना तर कवचाऐवजी नुसता पापुद्रा. दोन कोंबड्या पायांतून गेल्या. ‘ह्यांच्यात आता राम नाही,’ असे म्हणून मी निम्म्या विकून टाकल्या. पत्नी म्हणाली, ‘‘अहो, लेकुरवाळी खंगली तर आपण तिलाच दोष देतो का?’’ तिच्या आग्रहाने पशुवैद्यांकडे गेलो, आणि दोष माझाच ठरला.

हिशेब साधा आहे. एका अंड्याच्या कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असते. खाल्लेल्यापैकी निम्म्याच्या आसपासच अंगी लागते. म्हणून अंड्यावरील कोंबडीस दररोज सुमारे ४ ग्रॅम हवे. ती दिवसाकाठी १०० ते ११० ग्रॅम दाणा खाते, आणि तेवढ्या गव्हात वा बाजरीत ५० मिलिग्रॅमही कॅल्शियम नसते! मग उरलेले ती कोठून आणते? स्वतःच्या हाडांतून. कवच बहुतांशी रात्री घडते. आपण निजलेले असतो, तेव्हा ती हाडे झिजवून आपल्यासाठी अंडे पुरे करीत असते.

आपल्याकडचा काळा खडा ती टिपते. त्याने पोटात दाणा दळला जातो, कवच घडत नाही. त्यासाठी शिंपल्यांचा किंवा चुनखडीचा, ज्वारीच्या दाण्याएवढा भरडा निराळ्या परळात ठेवावा, विशेषतः सायंकाळी. मोठे कण सावकाश विरघळतात व रात्रभर पुरतात. जिला गरज असेल ती आपण होऊन खाते. पानाला लावावयाचा चुना मात्र कधीही घालू नये. तो दाहक असतो. अंड्यावरील कोंबड्यांच्या तयार खाद्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असते. ते पिलांस देऊ नये. त्याने त्यांची मूत्रपिंडे बिघडतात. ड जीवनसत्त्वावाचून कॅल्शियम अंगी लागत नाही, म्हणून कोंबड्यांस ऊन मिळावे. तथापि वैशाखात सावली व गार पाणी हवेच. धापा टाकणाऱ्या कोंबडीच्या अंड्याचे कवच पातळ होते.

ह्या उपायाने माझ्या उरलेल्या कोंबड्यांची अंडी पुन्हा टणक झाली. विकलेल्या मात्र परत आल्या नाहीत, आणि त्यांच्याविषयीची रुखरुख अद्याप गेलेली नाही. मुक्या जिवाकडून आपण रोज घेतो. त्याला काय कमी पडते, हे पाहणे पाळणाऱ्याचे कर्तव्य आहे. बंधुभगिनींनो, आज घरी गेल्यावर खुराड्याशी एक परळ ठेवा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.