जाणत्यांचे पाठ्यपुस्तक

(मंडळाच्या ग्रंथालयात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या व्यासपीठावर आजवर कीर्तने झाली, नाट्यगीते रंगली आणि दर गणेशोत्सवात मुलांचे वक्तृत्व गाजले, त्या व्यासपीठावरून संगणकशास्त्राच्या एका पुस्तकाविषयी बोलावे हे कितपत शोभेल, अशी शंका काही वडीलधाऱ्यांनी बोलून दाखविली. शंका रास्त आहे. परंतु या सभागृहात अशी कुटुंबे फार थोडी असतील, की ज्यांचा मुलगा, कन्या, सून अथवा जावई पुण्यास, बंगळुरास, हैदराबादेस किंवा सातासमुद्रांपलीकडे आज्ञावली लिहिण्याच्या व्यवसायात नाही. ही मंडळी आता कोवळी राहिलेली नाहीत. त्यांच्यापैकी कित्येकांनी चाळिशी ओलांडली आहे, आणि सुटीत घरी आली म्हणजे रात्री उशिरापर्यंत दिवा लावून काहीतरी नवीन शिकत बसतात, हे त्यांच्या आईवडिलांनी पाहिले आहे. वीस वर्षे एक विद्या जगलेल्या माणसाने पुन्हा पाठ्यपुस्तक हाती घ्यावे काय, आणि घ्यावयाचे तर ते कसे पारखून घ्यावे, एवढाच आजचा विषय आहे.

हा प्रश्न आमच्यापुढे आला तो अगदी व्यावहारिक वाटेने. आपल्या ग्रंथालयाकडे या विषयावरील जाडजूड, किमतीने भारी अशा पुस्तकांची मागणी होऊ लागली. निधी मर्यादित आहे. तेव्हा समितीने आम्हां पाच-सहा जणांना सांगितले, की पुस्तके चाळून मत द्या. आमच्यात काही निवृत्त अभियंते आहेत, दोघे अध्यापक आहेत, आणि घरूनच काम करणारे एक तरुण दांपत्यही आहे. रविवारी सकाळी आम्ही बसू लागलो.

जाणत्याने पुन्हा विद्यार्थी होणे ही भिलाईला नवी गोष्ट नव्हे. 1955 साली सोव्हिएत संघाशी करार झाला, आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. मधल्या त्या चार वर्षांत येथे जे आले ते सगळेच काही शाळेतून उठून आलेले नव्हते. इतरत्र काम केलेले, हाताला वळण लागलेले अभियंते आणि कारागीर येथे दुभाष्यांच्या मदतीने नव्याने शिकले. कित्येक अभियंते प्रशिक्षणासाठी सोव्हिएत संघातही जाऊन आले. पुढे मॉस्कोच्या मीर प्रकाशनाची स्वस्त आणि भक्कम बांधणीची शास्त्रीय पुस्तके आपल्याकडील अनेक घरांत आली. त्यांतील काही अजून आपल्या कपाटात आहेत, आणि वाळवीनेही त्यांच्यापुढे हात टेकलेले दिसतात.

संगणकाच्या बाबतीत आपल्या लोकांचे पहिले पुस्तक बहुधा नागपूरचे. यशवंत कानेटकर यांचे 'लेट अस सी' न पाहिलेला त्या पिढीतील विद्यार्थी विरळा. शिकवणीच्या वर्गात बसल्यासारखी त्याची भाषा आहे. एक गोष्ट तीन वेळा सांगावयास लेखक कंटाळत नाही. त्याच भाषेवरचे मूळ पुस्तक कर्निगन आणि रिची यांचे, 1978 सालचे. ते जेमतेम सव्वादोनशे पानांचे असून लेखकद्वय वाचकाला काही पूर्वज्ञान आहे असे धरून चालते. दोन्ही पुस्तके आपापल्या जागी उत्तम. फरक आहे तो लेखकाने समोर कोणाला बसविले आहे याचा. नवशिक्याला पुनरुक्तीचा आधार वाटतो, जाणत्याला तिचा कंटाळा येतो. मुंबईच्या आयआयटीतील धनंजय धामधेरे यांनी संगणकाच्या अंतर्गत यंत्रणेवर जी पाठ्यपुस्तके लिहिली, ती याच्या पुढची पायरी. भाषांतरक आज्ञावली आतून कशी चालते हे ज्यांना महाविद्यालयातच कळले, त्यांपैकी कित्येकांना ते त्या पुस्तकांतून कळले.

आता 'प्रगत' असे मुखपृष्ठावरच छापलेल्या पुस्तकांकडे वळू. आमच्यापुढे अशी बरीच आली. त्यांतील बहुतेकांचे स्वरूप असे, की अमुक भाषेच्या अमुक आवृत्तीत कोणत्या नव्या सोयी आल्या, त्यांची क्रमवार यादी. मध्येच चौकटीत सूचना. प्रकरणाच्या शेवटी पाच-सहा प्रश्न, ज्यांची उत्तरे मागच्याच पानावर शब्दशः सापडतात. तीन वर्षांनी नवी आवृत्ती येते आणि हे पुस्तक रद्दीच्या भावाने जाते. रेल्वेच्या वेळापत्रकाला आम्ही नावे ठेवीत नाही, ते उपयोगाचेच असते. पण त्याला कोणी प्रवासवर्णन म्हणू नये.

मग पारख कशी करावी? आमच्यातील एका पोलाद-वितळण विभागातून निवृत्त झालेल्या सद्गृहस्थांनी तोडगा सुचविला. पोलादाचा घाण ओतण्यापूर्वी त्यातून नमुना काढून प्रयोगशाळेत धाडतात. सबंध भट्टी तपासावी लागत नाही. तसेच पुस्तकाचे तीन ठिकाणचे नमुने काढावे. एक भाग असा, की जो विषय आपण पुरता जाणतो. दुसरा अर्धवट जाणलेला. तिसरा सर्वस्वी अनोळखी. पुरत्या जाणलेल्या भागात लेखकाचा प्रामाणिकपणा दिसतो, कारण अडचणीची जागा त्याने गुळगुळीत करून टाकली की काय, हे तेथे आपल्याला तत्काळ कळते. अनोळखी भागात, आठवडाभर झगडल्यावर आपण उभे राहू शकतो की नाही, हे पाहावयाचे. पण खरा कस लागतो तो मधल्या भागात. जे आपल्याला ठाऊक आहे असे आपण समजत होतो ते पुस्तकाने हलविले, तर ते पुस्तक जाणत्यासाठी आहे.

या परीक्षेत जे पुस्तक सर्वांत वर आले, त्याच्या मुखपृष्ठावर 'प्रगत' हा शब्द नाही. उलट ते प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी लिहिले गेले. हॅरल्ड एबल्सन आणि जेराल्ड ससमन यांनी ज्यूली ससमन यांच्या साहाय्याने सिद्ध केलेले 'स्ट्रक्चर अँड इंटरप्रिटेशन ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅम्स' 1985 साली अमेरिकेतील एमआयटीच्या मुद्रणालयाने प्रसिद्ध केले. दुसरी आवृत्ती 1996 ची. त्या संस्थेत सुमारे पाव शतक ते पहिल्या वर्गाचे पुस्तक होते. मात्र लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की 1986 साली याच लेखकांनी याच विषयावर जी व्याख्याने दिली आणि जी चित्रफितींवर आजही पाहावयास मिळतात, ती ह्यूलेट-पॅकार्ड या कंपनीच्या नोकरदारांपुढे दिलेली आहेत. श्रोते मुरलेले होते.

साडेसहाशेच्या आसपास पाने असलेल्या या पुस्तकात पहिली दोनशे पाने एका गोष्टीला मज्जाव आहे. एकदा नाव दिलेल्या राशीची किंमत पुढे बदलावयाची नाही. ज्याने आयुष्यभर 'क्ष बरोबर क्ष अधिक एक' असे लिहिले, त्याला ही बंदी म्हणजे उजवा हात पाठीशी बांधल्यासारखी वाटते. नवख्या विद्यार्थ्याला तिचे काहीच वाटत नाही. त्याला ती सवयच नसते. नाट्यगीते बरी गाणारा गवई गुरूकडे गेला आणि गुरूंनी त्याला सहा महिने केवळ षड्ज लावावयास सांगितला, म्हणजे त्याची जी अवस्था होते, तीच आमच्यातील अनुभवी मंडळींची झाली. दोघे तर चौथ्या रविवारी चिडून उठलेच. पाचव्या रविवारी परत आले.

एक उदाहरण सर्वांना समजेल असे देतो. पुस्तकात प्रश्न आहे, एका डॉलरची मोड किती प्रकारे देता येईल? त्यांच्या पाच प्रकारच्या नाण्यांत उत्तर येते 292. आम्ही ते आपल्या चलनात मांडले. दहा रुपयांची मोड 1, 2, 5 आणि 10 च्या नाण्यांत द्यावयाची तर 11 प्रकार होतात. हे घरी मुलांकडून सुपारी मांडूनही करून घेता येईल. शंभर रुपयांची मोड 1, 2, 5, 10, 20 आणि 50 मध्ये द्यावयाची, तर प्रकार होतात 4562. युक्ती अशी, की पन्नासाची एक नोट घेतली तर उरलेल्या पन्नासाची मोड किती प्रकारे, आणि पन्नासाची नोट मुळीच न घेतली तर शंभराची मोड उरलेल्या पाच प्रकारांत किती प्रकारे, या दोन उत्तरांची बेरीज. प्रत्येक उत्तरासाठी पुन्हा तोच प्रश्न लहान होऊन येतो. पंचतंत्रात गोष्टीच्या पोटातून गोष्ट निघते, तसे. रीत सुबक आहे, पण अत्यंत उधळी. तोच लहान प्रश्न ती शेकडो वेळा पुन्हा सोडवीत बसते. पुस्तक हे दाखविते, आणि अधिक काटकसरीची रीत शोधण्याचे काम वाचकावर टाकून पुढे जाते. उत्तर देत नाही.

तिसऱ्या प्रकरणात बंदी उठते, पण ती उठविण्याची किंमतही लेखक लगेच समोर मांडतात. संयुक्त खात्यात शंभर आहेत. एकाने दहा काढले, दुसऱ्याने पंचवीस. उरावयास हवेत पासष्ट. दोघांनी एकाच क्षणी शिल्लक वाचली तर नव्वद किंवा पंचाहत्तर उरतात, आणि दोन्ही आज्ञावल्या स्वतंत्रपणे पाहिल्या तर निर्दोष असतात. भांडारातील एकच बेअरिंग दोन खात्यांना दिल्याची नोंद ज्यांनी नोकरीत कधी निस्तरली असेल, त्यांना याचे मर्म सांगावे लागणार नाही. आमच्यातील एकजण म्हणाले, की बारा वर्षे आपण यावर कुलपे लावीत होतो, कुलूप का लागते ते आज उमगले. चौथ्या प्रकरणात तर वाचक त्या भाषेचा अर्थ लावणारी यंत्रणा त्याच भाषेत स्वतः लिहितो, आणि जी भाषा आजवर देवदत्त वाटत होती ती चार-सहा पानांत मावणारी एक आज्ञावली आहे, हे पाहून थोडा वेळ गप्प बसतो.

पुस्तकाची उणीवही सांगितली पाहिजे, आणि ती लहान नाही. उदाहरणे गणित आणि विद्युत-अभियांत्रिकी यांत फार अडकलेली आहेत. वर्गमूळ, अवकलन, तर्कद्वारांचे मंडल यांत आमचे अभियंते रमले. वाणिज्य शाखेतून आलेल्या आमच्या एका सभासद भगिनी प्रत्येक वेळी आधी गणित शिकत होत्या आणि मग आज्ञावली. हाच आक्षेप मथायस फेलायझेन, श्रीराम कृष्णमूर्ती आदी चार प्राध्यापकांनी 2004 साली एका निबंधात सविस्तर घेतला आहे, आणि तो आम्हांस बव्हंशी मान्य आहे. शिवाय दहा माणसांनी मिळून काम कसे करावे, तपासणी पद्धतशीर कशी करावी, दुसऱ्याने लिहिलेली जुनी आज्ञावली न मोडता कशी दुरुस्त करावी, यावर येथे जवळपास काही नाही. व्यवसायाचा निम्मा दिवस ज्यात जातो त्याविषयी हे पुस्तक मौन पाळते.

खुद्द एमआयटीनेही विसाव्या-एकविसाव्या शतकाच्या सांध्यानंतर काही वर्षांनी ते पहिल्या वर्गातून काढले. ससमन यांनी त्याचे दिलेले कारण विचार करण्याजोगे आहे: पूर्वी अभियंता लहान, पूर्णपणे समजलेल्या भागांतून मोठी वस्तू घडवीत असे, आता तो दुसऱ्यांनी केलेले मोठे भाग आणून, ते कसे वागतात हे चाचपून पाहतो. नवशिक्यापुरते हे कारण आम्ही मानतो. पण ज्याने वीस वर्षे दुसऱ्यांचेच भाग चाचपले, त्याला निदान एकदा तरी सगळे तळापासून रचून पाहण्याची संधी नको काय? अलीकडे तर यंत्रच आज्ञावलीचा पहिला खर्डा लिहून देऊ लागले आहे. खर्डा सुवाच्य असतो, आत्मविश्वासपूर्ण असतो, आणि त्या संयुक्त खात्यासारखी खोट त्यात असली तर ती वाचणाऱ्यालाच दिसावी लागते. आपल्या मुलांच्या नोकरीचा भार हळूहळू या वाचण्याकडे सरकतो आहे. म्हणून वाचनाची नजर देणाऱ्या पुस्तकाला आम्ही अधिक गुण दिले.

जाता जाता डोनाल्ड क्नूथ यांचा उल्लेख केला पाहिजे. त्यांच्या 'द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग' या 1968 पासून खंडशः निघणाऱ्या ग्रंथात प्रत्येक प्रश्नाला शून्य ते पन्नास असा कठीणपणाचा अंक दिलेला असतो, आणि चूक दाखविणाऱ्यास 2 डॉलर 56 सेंट बक्षीस असते. 256 हा संगणकाच्या षोडशमान गणनेतील शंभर, म्हणून हा आकडा. 2008 पासून खरे धनादेश थांबून काल्पनिक बँकेचे प्रमाणपत्र मिळते, तरी ते भिंतीवर लावतात म्हणे! लेखक आपल्या चुकांची यादी स्वतः प्रसिद्ध करतो की नाही, ही कसोटी आम्ही तेव्हापासून प्रत्येक पुस्तकाला लावली. बरीच गळाली.

समितीला आम्ही दिलेले मत असे. एबल्सन-ससमन यांच्या दुसऱ्या आवृत्तीचा संपूर्ण मजकूर प्रकाशकाने संगणकजालावर विनामूल्य ठेवला आहे. तरीही एक छापील प्रत घ्यावी, कारण चौघांनी एका टेबलाभोवती बसून वादायचे तर कागदच बरा. 2022 साली हेन्झ आणि व्रिगस्टाड यांनी याच पुस्तकाचे जावास्क्रिप्ट या प्रचलित भाषेतील रूप काढले आहे. नोकरी करणाऱ्या तरुणांसाठी त्याचीही एक प्रत मागवावी. क्नूथ यांचा पहिला खंड तूर्त पुरे. 'प्रगत' नावाची जी सात पुस्तके यादीत होती त्यांपैकी एकही विकत घेऊ नये. ज्याला लागेल त्याने ते आपल्या कंपनीकडून मागावे.

वाचन सध्या चौथ्या प्रकरणात आहे. चर्चा मराठीतून चालते, संज्ञा जशा सुचतील तशा. 'रिकर्शन'ला आम्ही 'पुनरावर्तन' म्हणतो, आणि आमच्या तरुण सभासदांना ते 'आवर्तन' असावेसे वाटते, हा वाद अजून मिटलेला नाही. दर रविवारी सकाळी साडेनऊला ग्रंथालयात बसतो. परगावी असलेल्या मुलांनी दूरध्वनीवरून सामील व्हावयाचे ठरविल्यास ग्रंथपालांकडे नाव द्यावे, आणि येण्यापूर्वी शंभराच्या मोडीचा हिशेब काटकसरीच्या रीतीने करून आणावा.