निकाल बाजूने लागला, तरी जमीन गेली
(कार्यकर्ता शिबिरात केलेलं भाषण)



आज आम्ही अमेरिकेच्या राज्यघटनेवर बोलणार आहोत. कोणी म्हणेल, इथे आपल्याला रेंजर पुरून उरतो, त्यात अमेरिका कशाला? तर दोन कारणं आहेत. आपल्या घटनेतले मूलभूत हक्क, आणि घटनेविरुद्धचा कायदा रद्द करायचा कोर्टाचा अधिकार, यांवर अमेरिकेच्या घटनेची छाप आहे. दुसरं म्हणजे, तिथेही आदिवासी आहेत. सिनेमात त्यांना रेड इंडियन म्हणून दाखवतात. त्यांची जमीन घटना असताना, कोर्ट असताना गेली. ती कशी गेली हे आपण समजून घेतलं पाहिजे.

आधी घटना. अमेरिका इंग्रजांच्या राज्यातून सुटली आणि १७८७ साली तिथल्या पुढाऱ्यांनी घटना लिहिली. पुन्हा राजा नको, म्हणून सत्ता एका हातात ठेवली नाही, तिचे तीन वाटे केले. कायदे करते ती काँग्रेस. तिची दोन सभागृहं, प्रतिनिधी सभा आणि सिनेट. आपल्याकडच्या काँग्रेस पक्षाशी तिचा संबंध नाही. कायदा अमलात आणतो तो राष्ट्राध्यक्ष. फौज आणि केंद्राच्या कचेऱ्या त्याच्या हाताखाली. आणि भांडण झालं की कायद्याचा अर्थ सांगतं ते सुप्रीम कोर्ट. एकाने दांडगाई केली तर दुसऱ्याने अडवावं, असा हिशेब.

१७९१ साली घटनेला दहा दुरुस्त्या जोडल्या. त्यांना हक्कांची सनद म्हणतात. बोलायचा, सभा भरवायचा, सरकारकडे दाद मागायचा हक्क तिच्यात आहे. योग्य मोबदला दिल्याशिवाय कोणाची मालमत्ता सार्वजनिक कामाला घेऊ नये, हेही तिच्यातच आहे. आणि मूळ घटनेत असे लिहिले आहे की, अमेरिकेने केलेले तह हे देशाचा सर्वोच्च कायदा आहेत, राज्यांवरही ते बंधनकारक आहेत. हे कलम ध्यानात ठेवा. कारण आदिवासींच्या जमिनीबद्दल सरकारने तहच केले होते.

आता चेरोकी लोकांची गोष्ट. हे आदिवासी जॉर्जिया राज्याच्या बाजूला शेती करून राहत. तहाने त्यांची जमीन त्यांना कबूल केलेली होती. त्यांच्यातल्या सिक्वोया नावाच्या माणसाने त्यांच्या भाषेची लिपी बनवली. १८२७ साली त्यांनी स्वतःची लेखी घटना केली, १८२८ साली स्वतःचं वर्तमानपत्र काढलं. म्हणजे 'हे अडाणी आहेत' असं म्हणायला जागा नव्हती. पण त्यांच्या मुलखात सोनं सापडलं. जॉर्जियाने जाहीर केलं, इथे आता आमचेच कायदे चालणार. १८३० साली काँग्रेसने आदिवासींना पश्चिमेला हलवायचा कायदा केला. प्रतिनिधी सभेत तो १०२ विरुद्ध ९७ मतांनी पास झाला. चेरोकी त्या देशाचे नागरिक धरले जात नव्हते, त्यांना मत नव्हतं. तिथल्या सगळ्या आदिवासींना नागरिकत्व मिळालं ते थेट १९२४ साली.

चेरोकी कोर्टात गेले. १८३१ साली कोर्ट म्हणालं, तुम्ही परदेशी राष्ट्र नाही, म्हणून तुमचा दावा आमच्यापुढे चालत नाही. पुढच्या वर्षी दुसरी केस आली. चेरोकी मुलखात परवान्याशिवाय राहिला म्हणून जॉर्जियाने वूस्टर नावाच्या पाद्र्याला तुरुंगात घातलं होतं. १८३२ साली मुख्य न्यायाधीश जॉन मार्शल यांनी निकाल दिला की, चेरोकी मुलखात जॉर्जियाचा कायदा चालणार नाही. निकाल पूर्ण बाजूने!

मग काय झालं? जॉर्जियाने तो मानला नाही. पाद्री त्यानंतरही कित्येक महिने तुरुंगातच होता. चेरोकींच्या जमिनी सोडत काढून गोऱ्यांना वाटल्या गेल्या. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी निकालामागे सरकारची ताकद उभी केली नाही. कोर्टाकडे ना फौज ना तिजोरी.

आणि फूट पाडली ती वेगळीच. १८३५ साली मूठभर चेरोकींना धरून जमीन सोडायच्या तहावर सह्या घेतल्या. मुखिया जॉन रॉस यांनी पंधरा हजारांवर लोकांच्या सह्यांचा विरोध-अर्ज काँग्रेसपुढे ठेवला. तरी सिनेटने तो तह मंजूर केला. दोन तृतीयांश मतं लागतात, तेवढीच जेमतेम पडली. एक मत कमी पडतं तर तह पडला असता. १८३८ साली फौजेने लोकांना घरातून ओढून छावण्यांत कोंडलं आणि शेकडो मैल पश्चिमेला हाकललं. सुमारे चार हजार माणसं मेली असं मानतात. त्या वाटेला ते आसवांची वाट म्हणतात.

दुसरी गोष्ट लाकोटा, म्हणजे सू लोकांची. १८६८ च्या तहात 'ब्लॅक हिल्स' हा पवित्र डोंगर त्यांचा ठरला. जमातीच्या तीन चतुर्थांश मोठ्या पुरुषांची सही असल्याशिवाय जमीन घेता येणार नाही, अशी अट होती. तिथेही सोनं निघालं. १८७६ साली सरकारने सांगितलं, डोंगर सोडा, नाहीतर रेशन बंद. तरी दहा टक्क्यांच्या आसपासच सह्या मिळाल्या. पुढच्या वर्षी काँग्रेसने कायदा करून डोंगर घेतलाच.

लोकांनी केस सोडली नाही. पिढ्या गेल्या. १९८० साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं, सरकारने डोंगर मोबदल्याशिवाय घेतला, म्हणून किंमत आणि १८७७ पासूनचं व्याज द्या. रक्कम दहा कोटी डॉलरच्या वर जाते. पण डोंगर परत नाही. कारण सनदेतलं कलम मोबदल्याचं आहे, जमिनीचं नाही. लोक गरीब आहेत, तरी त्यांनी पैसे घेतले नाहीत. म्हणाले, डोंगर विकायला काढलाच नव्हता.

यातून आम्हाला तीन गोष्टी दिसतात. एक, कागद फुकट नाही. तह होता म्हणून शंभर वर्षांनीही सरकारला कोर्टात 'चूक झाली' हे ऐकावं लागलं. म्हणून पावत्या, दंडाच्या नोटिसा, पंचनामे जपून ठेवा. दोन, निकाल म्हणजे ताबा नव्हे. निकाल कोणी, किती दिवसांत अमलात आणायचा, हे त्याच दिवशी विचारायला गेलं पाहिजे, आणि एकट्याने नाही, अख्ख्या गावाने. तीन, सही ही गावाची असते. चारजणांना कचेरीत बोलावून घेतलेले अंगठे गावाचे धरू द्यायचे नाहीत. सभा भरवा, ठराव लिहा, सगळ्यांसमोर वाचा, नक्कल गावात ठेवा.

आणि मोबदल्याची भाषा सुरू झाली की आधी विचारा, जमीन विकायला काढली कोणी?

गावोगावच्या बैठकीत यावर बोला. जोहार, जिंदाबाद!