‘जेवलीस का?’

आज आम्ही आमच्याच बचत गटातली गोष्ट सांगणार आहोत. जिची गोष्ट आहे त्या ताईला विचारूनच सांगतोय, नाव मात्र घेणार नाही.

ताईचा नवरा गेला तेव्हा ती ३१ वर्षांची होती. पदरात दोन लेकरं, घरात सासूबाई. त्याच्या पुढच्या वर्षी, २०२२ साली, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंदीचा ठराव केला. कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचं नाही. आम्ही बैठकीत ती बातमी वाचली, टाळ्या वाजवल्या. संक्रांतीला ताईलाही हळदीकुंकू लावलं. आम्हाला वाटलं, झालं आपलं काम.

पुढं ताई दूध डेअरीवर हिशेब लिहायला लागली. तिथं शेजारच्या गावातले एक दादा दूध घेऊन यायचे. त्यांचीही बायको वारलेली, एक मुलगी. बोलणं वाढलं, फोन सुरू झाले. आणि खरं सांगतो, पहिली कुजबुज गावानं नाही, आम्हीच केली. ती फोनवर हसली की आम्ही एकमेकींकडं बघायचो. एकीनं तर बैठकीत विचारलं, हिला आता सचिव ठेवायचं का? तिनं कुंकू लावायला आमची हरकत नव्हती, हसायला होती.

ताई रडली नाही. हप्त्याचे पैसे मोजून पेटीत ठेवले आणि म्हणाली, “मी त्यांना विसरले नाही. त्यांच्या आवडीचं पिठलं केलं की अजून घास उतरत नाही. पण सगळ्यांना वाढून झाल्यावर ‘तू जेवलीस का’ असं मला तीन वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. हे विचारतात.”

आमच्यातल्या काहीजणींना तर नवरा असूनही कुणी विचारत नाही, ते असो. त्या दिवशी बैठक लवकर संपली.

तसं हे काही नवीन नाही. विधवा विवाहाचा कायदा १८५६ चा. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली विधवा असलेल्या गोदूबाईंशी लग्न केलं. आणि आपल्याकडं कितीतरी जातींत पाट लावायची रीत होतीच की. फक्त रात्री, गुपचूप.

सासूबाईंनी आधी जमिनीचं काढलं. ही गेली की वावर त्या घरात जाणार! म्हणून आम्ही तिघी तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडं गेलो. तिथं बाईला वकिलाचा सल्ला फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. वकीलबाईंनी समजावलं : हिंदू वारसा कायद्यात, मृत्युपत्र नसेल तर नवऱ्याचा हिस्सा त्याची आई, बायको आणि मुलं यांना सारखा मिळतो. बायकोनं पुढं लग्न केलं म्हणून तिला मिळालेला वाटा जात नाही. मुलांचा जात नाही. आणि सासूचाही वाटा आहेच, हे तर आम्हालाही ठाऊक नव्हतं. सातबाऱ्यावर वारस नोंद तेवढी वेळेत करून घ्या.

सासूबाईंनी सगळं ऐकलं. मग हळूच म्हणाल्या, “जमीन राहू दे गं. सांजच्याला घरात माझ्याशी बोलायला कोण?” याला वकीलबाईंकडं उत्तर नव्हतं, आमच्याकडंही नाही. मुलांची शाळा इथंच ठेवायची, शाळा सुटली की ती आजीकडं थांबायची, एवढं ठरलंय. रात्रीचं काय, ते अजून ठरायचंय.

धाकट्यानं विचारलं, बाबांचा फोटो तिकडं न्यायचा का? दादाच म्हणाले, आणा, आमच्या भिंतीवर एक आहेच, शेजारी लावू.

लग्न चैत्रात, रजिस्टर. दोघांच्या गेलेल्या जोडीदारांचे मृत्यूचे दाखले आणि बाकीची कागदपत्रं आमच्या गटाच्या कपाटात तयार आहेत. साडी आम्ही वर्गणी काढून घेणार आहोत. ताई म्हणते साधी घ्या, अर्धा गट म्हणतो हिरवीच घ्यायची. सासूबाई अजून मोकळ्या बोलत नाहीत, पण काल त्यांनीही विचारलं, रंग कुठला ठरला?