मनाआधी दिवस सावरू



जानेवारीचे दिवस आहेत. खरिपाचं धान खरेदी केंद्रावर गेलं, चुकारे अजून सगळ्यांच्या खात्यात आलेले नाहीत, आणि ज्यांच्या विहिरीला पाणी आहे त्यांनी उन्हाळी धानाचे पऱ्हे टाकलेत. अशा दिवसांत भंडाऱ्यात मनाच्या आरोग्यावर व्याख्यान ठेवलंत आणि थंडीत एवढी माणसं ऐकायला आलात, याचं मला फार बरं वाटलं. आपल्याकडे हा विषय निघाला की लोक दोनच गोष्टी बोलतात. एक तर नागपूरचं मनोरुग्णालय, नाहीतर 'टेन्शन घेऊ नको रे'. या दोहोंच्या मधे जी माणसं आहेत, म्हणजे कामावर जाणारी, लग्नाकार्यात दिसणारी, पण आतून खचलेली, त्यांच्याबद्दल मला आज बोलायचं आहे.

ही माणसं थोडी नाहीत. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने 2015-16 साली देशभर मानसिक आरोग्याची पाहणी केली. शंभर प्रौढांपैकी दहा-अकरा जणांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार होता. आजार कोणता यावर आकडा बदलतो, पण त्यांतले 70 ते 92 टक्के लोक उपचारापर्यंत पोचलेच नव्हते.

ही माणसं डॉक्टरकडे जात नाहीत असं नाही. जातात, पण शरीराची तक्रार घेऊन जातात. अंग दुखते, डोकं भणभणते, भूक मेली, हातपाय गळाले. एखाद्याला रात्री एकाएकी छातीत धडधड सुरू होते, घाम फुटतो, श्वास पुरत नाही, आता आपण मरतो असं वाटतं. घरचे गाडी करून नागपूरला नेतात. ईसीजी नीट निघतो, डॉक्टर म्हणतात काही नाही. पुढच्या महिन्यात परत तेच. बऱ्याचदा हा भीतीचा झटका असतो. तो साधारण दहा मिनिटांत टोकाला जातो आणि मग ओसरतो. तो जीव घेत नाही. पहिल्यांदा हृदय तपासून घ्यावंच, पण सगळं नीट निघाल्यावर 'काही नाही' म्हणून सोडून देऊ नये. काहीतरी आहेच, फक्त ते ईसीजीत दिसत नाही.

आज माझं म्हणणं एवढंच आहे की, मन बिघडलं की आपण मनाशीच झगडत बसतो. विचार करू नकोस, मन खंबीर कर, देवाचं नाव घे. पण मनाला असा थेट हात घालता येत नाही. दिवसाला घालता येतो. कधी उठतो, कधी झोपतो, काय चघळतो, कोणाशी बोलतो, दुपारी कुठे बसतो, इथे हात पोचतो. म्हणून आधी दिवस धरायचा.

झोपेपासून सुरुवात करू. वरठीचा पोलाद कारखाना, जवाहरनगरची आयुध निर्माणी, चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मॅंगनीज खाणी. या भागात पाळीचं काम पिढ्यांपासून आहे. शेतकऱ्यालाही रात्रपाळी आहे, फक्त त्याला ती कोणी म्हणत नाही. कृषिपंपाची वीज रात्रीच्या फेऱ्यात आली की कडाक्याच्या थंडीत बॅटरी घेऊन बांधीवर जावं लागतं. आपल्या शरीरातल्या पेशींमध्ये दिवस-रात्रीचं एक घड्याळ चालतं. ते कसं चालतं याच्या शोधाला 2017 चं नोबेल मिळालं. ते घड्याळ आठवडेच्या आठवडे उलटंसुलटं फिरलं की आधी चिडचिड येते, मग विसराळूपणा, मग उदासी. आणि घरचे म्हणतात, स्वभाव बदलला यांचा.

लाखनी तालुक्यातले एक शेतकरी पत्नीसोबत माझ्याकडे उपचारासाठी आले होते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून सांगते. पत्नी म्हणाली, "हे आता घरात बोलतच नाहीत." ते म्हणाले, "का सांगू मॅडम, काहीच गोड लागत नाही." उन्हाळी धानाला रात्री पाणी, सकाळी दूध घालायला जाणं, दुपारी खाटेवर तीन-तीन तास पडून राहणं, पण झोप नाही. रात्री पाणी नसेल त्या दिवशी झोप यावी म्हणून दारू. दारूने डोळा लागतो हे खरं, पण उत्तररात्री ती झोप मोडते, आणि पहाटे तीनला जागा झालेला माणूस कर्जाचा हिशेब करत पडतो.

आम्ही तिघांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर आठवडा मांडला. शेजारच्या बांधीवाल्या भावाशी बोलून पाण्याच्या रात्री वाटून घेतल्या, एक रात्र यांनी दोघांच्या बांध्या पाहायच्या, एक रात्र त्याने. ज्या दिवशी रात्री जाणं नाही त्या दिवशी काही झालं तरी सहाला उठायचं. दुपारची खाट अर्ध्या तासावर आणायची. रात्री वीस-पंचवीस मिनिटं झोप आली नाही तर अंथरुणावर तळमळायचं नाही, उठून बसायचं, डोळा जड झाला की परत पडायचं. आणि एक गोष्ट त्यांच्या आवडीची. पूर्वी ते मित्रासोबत गावच्या मालगुजारी तलावावर गरी टाकून बसत. ते सुटलं होतं. "मनच लागत नाही तर कशाला जाऊ?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मन लागायची वाट पाहू नका, बुधवारी चारला जा, मन लागो न लागो. पहिल्या बुधवारी ते थोडा वेळ बसून परत आले. नंतरच्या एका बुधवारी मासे घेऊन आले आणि स्वतः आंगणात बसून साफ केले. हे सांगताना त्यांच्या पत्नीचा चेहरा पाहण्यासारखा होता. त्यांना काही महिने औषधही घ्यावं लागलं. नुसत्या गरीने आजार गेला असं मी सांगणार नाही.

हा उपाय मी मनाने काढलेला नाही. उदास माणूस आधी कामं सोडतो, मग माणसं सोडतो, त्यामुळे आनंदाचे प्रसंगच उरत नाहीत आणि उदासी आणखी घट्ट होते. हे चक्र कृतीच्या बाजूने तोडायचं, अशी ही उपचारपद्धती आहे. गोव्यात डॉ. विक्रम पटेल यांच्या 'संगत' संस्थेने ती सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत तपासून पाहिली. समुपदेशक कोण होते? मानसशास्त्राची पदवी नसलेली, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं. त्यांच्या सहा ते आठ भेटींनंतर, तीन महिन्यांच्या तपासणीत 64 टक्के रुग्णांचं नैराश्य ओसरलेलं होतं, ज्यांना या भेटी मिळाल्या नाहीत त्यांच्यात 39 टक्क्यांचं. हे 2017 साली प्रसिद्ध झालं. आणि आपल्या विदर्भातच, अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन या विषयावर बोलायला सुरुवात केली. आधी नैराश्य असलेल्यांपैकी जेमतेम 4 टक्के लोक मदत घेत होते, दीड वर्षात ते 27 टक्क्यांवर गेले. कापसाच्या पट्ट्यात हे झालं. धानाच्या पट्ट्यात का होऊ नये?

आता खर्रा. इथे बसलेल्या किती जणांच्या खिशात आत्ता पुडी आहे हे मी विचारत नाही. ठेल्यावर पन्नीत सुपारीचे तुकडे, तंबाखू, चुना घेऊन घोटून देतात, आणि तो तोंडात गेला की माणूस म्हणतो, टेन्शन गेलं. खरंच हलकं वाटतं, त्याचा अनुभव खोटा नाही. पण होतं काय, की तंबाखूतलं निकोटीन दोनेक तासांत रक्तात अर्ध्यावर येतं. ते उतरलं की बेचैनी, चिडचिड, लक्ष न लागणं सुरू होतं. पुढचा खर्रा ती बेचैनी घालवतो. म्हणजे जी बेचैनी जाते ती मागच्या खर्र्यानेच आणलेली असते. चुकाऱ्यांचं टेन्शन जिथल्या तिथे राहतं. सिगारेट सोडलेल्यांवरचे अनेक अभ्यास 2014 साली एकत्र तपासले गेले, तेव्हा सोडणाऱ्यांची चिंता आणि उदासी वाढलेली नाही तर कमी झालेली दिसली. सोडताना पहिला आठवडा कठीण जातो, तीन-चार आठवड्यांत शरीर निवतं. तलफ येते ती काही मिनिटांची असते, तेवढी टळली पाहिजे. 1800-11-2356 ही तंबाखू सोडण्यासाठीची सरकारी मोफत फोनसेवा आहे. लिहून घ्या. तोंडाच्या कॅन्सरची भीती आपल्याला सगळे घालतात, पण मनासाठी खर्रा सोडा हे कोणी सांगत नाही, म्हणून मी आज मुद्दाम सांगते आहे.

'व्यायाम करा' हा सल्ला मी इथे जरा जपून देते. दिवसभर चिखलात वाकून रोवणी केलेल्या बाईला चालायला जा म्हणणं हा तिचा अपमान आहे. छंद जोपासा म्हणणंही तसंच. तिचा दिवस पहाटे चुलीपाशी सुरू होतो आणि बचत गटाचा हप्ता कुठून भरायचा या विचाराने संपतो. नैराश्य बायकांमध्ये पुरुषांहून जास्त आढळतं, हे जगभर दिसतं. त्याचं एक कारण मला तरी तिच्या अशा दिवसात दिसतं. तिच्यासाठी उपाय घरातल्या इतरांनी करायचा आहे. संध्याकाळचं एक काम, पाणी भरणं असो की भांडी, तिच्याकडून कायमचं काढून घ्या. 'मदत करतो' म्हणून नाही, कायमचं. पुरुषांचं मात्र वेगळं आहे. ट्रॅक्टर आला, हार्वेस्टर आला, मळणीचे दिवस आटले. दुपार ठेल्यावर जाते. त्यांनी जरूर चालावं.

तरुण मुलांसाठी दोन शब्द. भंडाऱ्यातल्या, तुमसर-साकोलीतल्या अभ्यासिका मुलामुलींनी भरलेल्या आहेत. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी. दिवसभर पुस्तक आणि रात्री दोनपर्यंत अंथरुणात रील. दुसऱ्याचं निवड झालेलं स्टेटस, गुलाल, मिरवणूक, आणि आपलं वय वाढत चाललेलं. फोन रात्री बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावा, उशाशी नाही. आणि पैशांचे ऑनलाइन खेळ खेळून कोणी कर्जात अडकलं असेल तर कर्ज मोठं व्हायच्या आत घरात एका माणसाला सांगा. आईबापांनो, मूल असं सांगायला येईल तेव्हा पहिली दहा मिनिटं फक्त ऐका. ओरडायला नंतर वेळ आहे.

दिवस नेहमी आपल्याच हाताने मोडतो असंही नाही. 1988 साली गोसेखुर्द धरणाची पायाभरणी झाली. पुढे ज्यांची गावं वैनगंगेच्या पाण्याखाली गेली त्यांचा पार, घाट, ढिवरांची जाळ्याची जागा, शेजार, सगळंच गेलं. नव्या गावठाणात घर मिळतं, पण सकाळी उठून जायचं कुठे हे मिळत नाही. अशा म्हाताऱ्या माणसाला 'सकारात्मक विचार करा' सांगू नये. त्याला बसायला चार माणसं आणि हाताला थोडं काम मिळवून द्यावं.

स्वतःच्या उपायांवर किती दिवस राहायचं? दोन आठवडे. रोज, दिवसाचा बराच वेळ मन उदास असेल किंवा कशातच रस वाटत नसेल, सोबत झोप, भूक, ताकद, लक्ष यांतलं बरंच बिघडलेलं असेल, तर थांबू नका. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. आपल्या भागात सिकलसेलही आहे, थकव्याचं कारण तेही असू शकतं. जिल्हा सामान्य रुग्णालयात मानसोपचाराची सोय आहे. फोनवर बोलायचं असेल तर 14416, टेली-मानस. ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, चोवीस तास, मोफत, मराठीत. नैराश्यावरच्या औषधांना गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, त्यामुळे आठ दिवसांत सोडू नका, आणि बरं वाटल्यावरही डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. त्यांची सवय लागत नाही. सवय लागते ती मेडिकलमधून परस्पर आणलेल्या झोपेच्या गोळीची.

आणि जीव द्यायचा विचार. एखाद्याबद्दल शंका आली तर सरळ विचारा, 'जगू नये असं वाटतं का?' विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने, आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं. सरकारने त्याची काळजी घ्यायची आहे, त्याला शिक्षा करायची नाही. पोलिसांच्या भीतीने दवाखान्यात न्यायला उशीर करू नका. श्रीलंकेत 1995 नंतरच्या वीस वर्षांत आत्महत्यांचं प्रमाण 70 टक्क्यांहून अधिक उतरलं, आणि त्याचं एक मोठं कारण जहाल कीटकनाशकांवर आणलेली बंदी हे होतं. तो टोकाचा क्षण बहुतेकदा थोडा वेळ टिकतो. त्या वेळी हाताशी विष नसलं तर माणूस वाचतो. तुडतुड्यासाठी, खोडकिड्यासाठी आणलेली बाटली फवारणी झाल्यावर घरात कोनाड्यात ठेवू नका. पेटीत कुलपात ठेवा, आणि घरात कोणी खचलेलं असेल तर किल्ली दुसऱ्याकडे द्या. हे आज घरी गेल्यावर लगेच करता येईल.

मी थांबते. मागच्या टेबलावर कार्यकर्त्यांनी कोरे कागद ठेवले आहेत. प्रश्न लिहा, नाव-गाव लिहू नका, अक्षर ओळखू येईल वाटलं तर शेजाऱ्याकडून लिहून घ्या. मी सगळ्या चिठ्ठ्या वाचून झाल्याशिवाय इथून उठणार नाही.