रोजची गस्त
(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेले भाषण)



मी वक्ता नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलो, तेव्हापासून रुळांची देखभाल करतो आहे. आज मात्र माझ्या दारूबद्दल बोलणार आहे. कुजबूज होण्यापेक्षा मीच सांगितलेले बरे.

पुण्याच्या मुक्तांगणात मी उपचार घेतले. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेले हे केंद्र. परत आलो तेव्हा सर्वांनी कौतुक केले. चार महिन्यांनी कौतुक थांबले, आणि विसर्जनाच्या रात्री 'आज एकच' म्हणत मी घसरलो. पत्नी काही बोलली नाही. सकाळी उठून तिने मुलाची वर्षाची फी भरून टाकली, पैसे उरतील की नाही म्हणून. ते मला फार लागले.

पुन्हा उपचार घेतले, तेव्हा माझ्याच कामाचा अर्थ कळला. रूळ बदलल्यावर लगेच पूर्ण वेगाने गाडी सोडत नाहीत. कॉशन ऑर्डर असते. खडी बसेल तसा वेग वाढवतात. आणि आपला कीमन रोज आपल्या हद्दीत पायी फिरून सैल चाव्या ठोकतो. काल सगळे ठीक होते म्हणून आज घरी बसत नाही.

निर्धारही असाच रोज ठोकावा लागतो. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसमध्ये म्हणतात, फक्त आजचा दिवस. जन्मभराची शपथ मला पेलत नाही, आजची पेलते. रोज चार गोष्टी तपासतो: भूक, राग, एकटेपणा, थकवा. रात्रीचा ब्लॉक संपवून उपाशी परतताना तलफ हमखास येते. म्हणून पिशवीत डबा असतो, आणि सोबतच्या एका मित्राला फोन करतो. थोड्या वेळाने तलफ ओसरते. आठवड्याची मीटिंग चुकवत नाही. 'मुलासाठी सोडली' असे आधी म्हणायचो. पण त्याच्याशी भांडण झाले की ते कारणच डळमळायचे. आता स्वतःसाठी सोडली आहे.

आपणांस एकच विनंती. मी नको म्हटले की 'एकाने काय होते' असा आग्रह करू नका. कोणाच्या घरी हा त्रास असेल तर लपवू नका. १४४४६ हा शासनाचा मोफत दूरध्वनी क्रमांक आहे, आणि मीही आहे.

यंदाही विसर्जनाला मी शेवटपर्यंत थांबणार आहे. फक्त माझ्या हातात चहा द्या.

गणपती बाप्पा मोरया!