गरजूंचे गाव मिरज

अध्यक्षमहोदय आणि गावोगावहून आलेल्या नेत्रतज्ज्ञ प्रतिनिधींनो,

कृष्णाकाठच्या मिरज नगरीत आपले मनःपूर्वक स्वागत. इथून कागवाडची वाट धरली की थोड्याच वेळात कर्नाटक लागते. त्यामुळे मराठी, कन्नड आणि उर्दू या तिन्ही भाषा इथल्या कानांना सवयीच्या आहेत. पाहुणे याला सहिष्णुता म्हणतात. माझे म्हणणे थोडे वेगळे आहे. हे गाव उपदेशाने जुळले नाही. एकमेकांवाचून अडत गेले, म्हणून जुळले.

पुरावा म्हणून मी इथला तंबोरा पुढे करतो. आदिलशाही, मोगल, मराठे असे धनी मिरजेच्या किल्ल्याने पाहिले, मग पटवर्धनांचे संस्थान आले. लढाया होत्या तोवर हत्यारे घडवणाऱ्या शिकलगारांच्या हाताला काम होते. इंग्रजी अमलात ते सरले, तेव्हा फरीदसाहेब सतारमेकरांनी एकोणिसाव्या शतकात वाद्ये घडवायला घेतली. मैफलीत गवयाला दाद मिळते. तंबोरा कुणी केला, हे कुणी विचारत नाही. म्हणून हे नाव मी मुद्दाम उच्चारतो. भोपळा पंढरपूरकडच्या शेतातला, कारागीर मुसलमान आणि तारेच्या गुंजत्या नादाची जवारी जमली की नाही हे ठरवणारा कान बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांसारख्या गवयाचा. यातला एक जरी वगळला, तरी तंबोरा बोलत नाही. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते या साखळीला मिळाले असे मी मानतो. उत्तरेतल्या कैरान्याचे गवई अब्दुल करीम खाँ इथेच स्थायिक झाले आणि १९३७ पासून मीरासाहेबांच्या दर्ग्यात विसावले आहेत. कॅनडात जन्मलेल्या डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये इथे रुग्णालय उभारले. कुरुंदवाडचा विष्णू दिगंबर पलुसकर हा मुलगा तर फटाक्याने भाजलेल्या डोळ्यांवर उपचारासाठी मिरजेत आला आणि बुवांकडून गाणे घेऊन गेला. आपल्या परिषदेशी आमचे नाते काय ते एवढेच. ते जरा ओढूनताणून जोडलेले आहे, हे कबूल.

कुणी म्हणेल, हा सगळा दरबारी आश्रयाचा महिमा. पण संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले आणि सतारमेकर गल्लीतले रंधे आजही चालतात. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. २००९ च्या गणेशोत्सवात याच गावात दंगल झाली. ती लपवून स्वागत करणे अप्रामाणिक ठरेल. पण गरजेने माणसे प्रेमळ होतात, असा माझा दावाच नाही. भांडणानंतरही शेजाऱ्याचे दार वाजवायला ती भाग पाडते, इतकेच. आणि सीमेवरच्या गावाला तेवढा आधारही थोडा नसतो.

आता व्यवस्थेविषयी. निवास तीन ठिकाणी विखुरला आहे, पाणी सकाळी ठरावीक वेळेलाच येते आणि मंडपातले पंखे वाऱ्यापेक्षा आवाजच जास्त करतात. या सर्व उणिवा माझ्या पदरात घाला. ज्या व्यापाऱ्यांनी धान्य दिले, ज्या शेतकऱ्यांनी कृष्णाकाठची वांगी गाडीभर पाठवली, ज्यांनी सतरंज्या, भांडी व वाहने विनामूल्य दिली, ज्या घरांनी पाहुण्यांसाठी आपल्या खोल्या रिकाम्या केल्या आणि ज्यांनी नाव जाहीर न करण्याच्या अटीवर देणग्या दिल्या, त्या सर्वांचे स्वागत समिती ऋण मानते. आणखी काही कमी पडले, तर संकोच न करता मागावे. मागायला आलेल्यांनीच हे गाव घडवले आहे. आता अध्यक्षमहोदयांनी परिषदेचे उद्घाटन करावे, अशी विनंती करतो.